गज्याची बातमी

चार माणसं एखाद्या व्हिडिओ गेमची वाट बघत एका खोलीत बसली की गेम येईल तेव्हा येईल, किस्से आधीच येऊन पडतात! आमची खोली अमरावतीत, प्रशांतच्या घरी. प्रशांत कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. माझं मेडिकल स्टोअर आहे. गजानन, म्हणजे गज्या, अकोल्याला विमा विकतो आणि रविवारी गाडी पकडून येतो. आणि सुनीलभाऊ चांदूर बाजारचे, संत्र्याच्या बागेचे मालक, वयाने मोठे आणि खेळात आमचे उस्ताद.

उस्ताद होते. गेल्या वर्षी भाऊंची मोटरसायकल घसरली, खांद्यातली नस गेली आणि उजवा हात नुसता लटकत राहिला. तेव्हापासून ते आमच्यामागे बसून "अबे, मांगून राक्षस येऊन राहिला!" असं ओरडतात, तेवढाच त्यांचा खेळ.

*

गेम म्हणजे जंगलं, किल्ले, राक्षस, ड्रॅगन. घोडा घ्यायचा आणि वाटेल तिकडे भटकायचं. पहिला भाग आम्ही पाठ केला होता. दुसऱ्या भागाची घोषणा झाली तशी आमची मागणी-सभा भरली. प्रशांतला ऋतू बदलायला हवे होते. मला गावात जत्रा हवी होती. गज्या म्हणाला, "लढाई जिंकल्यावर पंगत पायजे बावा. उपाशीपोटी कोन राज्य करते?"

हसून झाल्यावर प्रशांतने भाऊंना विचारलं, "तुमाले काय पायजे?"

"मले काई नाई पायजे. तुमी खेळा, मी पायतो."

पंगतीचा विषय तिथेच संपला. त्या दिवशी कुणाला नीट खेळताच आलं नाही.

*

मग पहिला ट्रेलर आला. भर पावसात, नांगरलेल्या काळ्या रानातून हिरो घोडा उधळत जातो! आम्ही तिघं टाळ्या वाजवतोय आणि मागून भाऊ कडाडले, "बंद करा ते! काळ्या मातीत पानी पडल्यावर घोडा असा पयते काय? गुडघ्यालोक फसते! एक दिवस या माह्या वावरात, दाखवतो."

प्रशांतने ही तक्रार खरंच इंग्रजीत लिहून कंपनीला पाठवली. उत्तर आलं, 'धन्यवाद.' पुढच्या व्हिडिओत मात्र घोडा चिखलात पोटापर्यंत रुतलेला! योगायोगच असणार, पण भाऊ खूश. "कंपनी आयकते हो!" म्हणाले.

खाली उतरताना त्यांनी मला जिन्यात थांबवलं. आवाज एकदम खाली. "एका हातानं खेळता येईन, असं काई करतीन काय रे ते?"

जुन्या भागात बटणं बदलून आम्ही पाहिलं होतं. चालायला एक हात आणि तलवारीला दुसरा लागायचाच. मी म्हटलं, "लिहून पाठवतो भाऊ." पाठवलंही. उत्तर आलं, 'धन्यवाद.'

*

आता गज्याच्या बातम्या. इंटरनेटवर कुणी काहीही लिहो, गज्या ते बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरायच्या आत पक्कं करून टाकतो. "ड्रॅगन पाळता येते, फिक्स!" खोटं. "समुद्रात जहाज चालवता येते, लिहून घे!" तेही खोटं. म्हणून आमच्यात कायदा झाला: बातमी खोटी निघाली की गज्याने सगळ्यांना गिला वडा खिलवायचा. वड्यांवर दही घालून देणारा गाडीवाला तर गज्या दिसला की न विचारताच चार प्लेटा लावतो.

*

एका दुपारी गज्याचा फोन. "एका हातानं खेळायची सोय येऊन राहिली! भाऊले सांगतलं मी."

मी ओरडलो, "आधी भाऊंना सांगितलंस? कुठं वाचलंस?"

"एकानं लिवलं होतं ना."

मी प्रशांतलाही फोनवर जोडलं. तो गज्यावर एवढा चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. "लेका, हे काई गिल्या वड्यात फिटणारं नाई!"

संध्याकाळी भाऊंच्या घरून अर्चनावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे बागेत फिरतानाही डाव्या हाताची बोटं चालवून राहिले. लय दिवसांनी हसले. खरं हाय ना ते?"

मी दिवसभर लोकांना गोळ्या देतो, पण मला 'हो' म्हणवेना आणि 'नाही' तर त्याहून म्हणवेना. "रविवारी कंपनी सगळं दाखवणार आहे वहिनी," एवढंच म्हणालो.

*

रविवारी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिल्यांदाच आमच्यामागे न बसता पुढच्या खुर्चीत बसले. कार्यक्रम सुरू झाला. ऋतू आले! जत्रा आली! कुणी ओरडलं नाही. खेळण्याच्या सोयींचा भाग आला: मोठी अक्षरं, रंग बदलायची सोय, आवाज कमी-जास्त. मग कार्यक्रम सांगणारी बाई हसली, 'धन्यवाद' म्हणाली आणि पडदा काळा झाला.

मला रडू येईल असं वाटलं. गज्या मान खाली घालून उठला, "भाऊ, मी गिला..."

"बस," भाऊ म्हणाले.

"भाऊ, माही चुकी..."

"बस म्हनलं ना! अठी, माह्या उजव्या अंगाले. प्रशांत, जुना गेम लाव."

भाऊंनी कंट्रोलरची डावी बाजू डाव्या हातात धरली आणि उजवी गज्यापुढे केली. "पाय माहे, तलवार तुही."

खेळ सुरू झाला. भाऊ पळाले, गज्याने झाडावर तलवार हाणली. भाऊ वळले, गज्याने स्वतःच्याच घोड्यावर हाणली. "बैलजोडी नवी हाय, वढातान होईनच," भाऊ पुटपुटले. पुलावर राक्षस आडवा आला. मी आणि प्रशांत खुर्च्या सोडून उभे. "थांब... थांब... आता!" भाऊ ओरडले. गज्याने हाणली आणि राक्षस पुलावरून थेट खाली!

खोलीत दंगा झाला. गज्या हुंदके देत होता, कंट्रोलर मात्र सोडला नव्हता. भाऊंनी आपला डावा हात उचलून पाहिला, मग खांद्याने गज्याला ढुशी दिली.

"काहून रडतं बे? तुही बातमी खरी निघाली ना!"