डावीकडून येणारा चेंडू

बनारसला मी आले ती रेल्वेच्या नोकरीवर, आणि ती नोकरी मिळाली हॉकीमुळे. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, मैदान मात्र सुटलं नाही. मुलींच्या क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी असली की अजूनही मला बोलावतात. कोण पुढे जाईल आणि कोण नाही, हे सांगायचं काम.

त्या मुलीला मी आदल्या वर्षी शाळांच्या सामन्यांत पाहिलं होतं. राइट विंगला, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेला खेळायची. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले होते, "ही पोरगी लांब जाणार." वडील गंगेवरच्या राजा घाटाजवळ राहणारे, पौरोहित्य करणारे. घरात मराठी, बाहेर पक्की बनारसी हिंदी.

या वर्षीच्या चाचणीत मात्र तिला काहीच जमेना. साधे पास स्टिकला न लागता निघून जात. एकदा तर चेंडू पुढून गेल्यावर तिने स्टिक फिरवली. बाकीच्या मुली हसल्या. माझ्या शेजारी बसलेले प्रशिक्षक म्हणाले, "इसका हो गया, मैडम. इस उमर में ध्यान भटक जाता है."

मला मात्र वेगळंच काही दिसत होतं. उजवीकडून आलेला चेंडू ती अलगद थांबवत होती. चुकत होता तो डावीकडून येणारा. दरवेळी.

मध्यंतरात ती एकटीच बसली होती. मी तिच्या डाव्या बाजूने गेले आणि पाण्याची बाटली तिच्या चेहऱ्याजवळ धरली. ती समोर बघत राहिली. बाटली थोडी हलवली. तरी नाही.

"बेटा," मी म्हणाले, तशी ती दचकून वळली. "उजवा डोळा झाक बरं जरा."

तिने हात उचललाच नाही. माझ्याशी मैदानावर कधी मराठीत न बोललेली ती मुलगी हळूच म्हणाली, "काकू, ते नको. प्लीज. सरांना नका सांगू."

"काहीच दिसत नाही?"

"उजेड कळतो. बाकी धुंधला. उजव्या आँखने एकदम साफ दिसतं, खरंच."

सरावात चेंडू उडून डोळ्याला लागला होता म्हणे. आधी काळे ठिपके दिसायला लागले, मग पडदा ओढल्यासारखं झालं. "सांगितलं असतं तर खेळणं बंद झालं असतं ना," ती म्हणाली. मी विचारलं, हे कधीचं? तिने सांगितलं आणि मी तिच्या शेजारीच बसले. मी पाहिलेल्या त्या सामन्यांनंतर लगेचच. म्हणजे जवळजवळ वर्षभर ही पोर दोन डोळ्यांच्या मुलींशी एका डोळ्याने खेळत होती, आणि आम्ही म्हणत होतो हिचं ध्यान भटकलंय.

चाचणी संपल्यावर मी तिला तिच्या घरी घेऊन गेले. आईने दार उघडलं, हसून "या ना" म्हणाली. मी डोळ्याचं सांगितलं, तसं तिने लेकीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "अहो, ही चहा कपाबाहेर ओतायची. मी तिला धांदरट म्हणायचे. जिन्यात अडखळायची, तरी मी रागवायचे." पदर तोंडाशी धरून ती तिथेच उंबऱ्यावर बसली. वडील आतून आले आणि लेकीच्या चेहऱ्यासमोर हात हलवून बघू लागले. ते मला बघवेना.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. लगेच आली असती तर काही करता आलं असतं. आता ती नजर परत यायची नाही. "आणि खेळ?" मी विचारलं. "उजवा डोळा चांगला आहे. जपायला हवा. माझी मुलगी असती तर मी नाही म्हटलं असतं," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मला वाटलं ती रडेल. पण पायऱ्या उतरताना तिने विचारलं, "काकू, मी लेफ्टला खेळले तर? डावीकडे फक्त लाइनच असते. सगळं मैदान उजवीकडे. मग मला सगळं दिसेल."

मी पायरीवरच थांबले. इतकी वर्षं विंगला खेळूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि ही कितीतरी दिवस मनात हे घोळवत असणार, एकटीच.

वसतिगृहाने वैद्यकीय तपासणीत तिला नाकारलं. मी भांडले, उपयोग झाला नाही. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. तिला पुन्हा खेळू द्यायला वडिलांचं मन वळायला पुष्कळ दिवस लागले. आता ती कॉलेजच्या संघात लेफ्ट विंगला खेळते, डोळ्यांवर जाड संरक्षक चष्मा लावून. राज्याच्या संघापर्यंत जाईल का, असं प्रशिक्षक मला विचारतात. मला खरंच सांगता येत नाही.

परवा तिचा सामना बघायला तिची आई पहिल्यांदाच मैदानावर आली. चेंडू जमिनीवरून वर उडाला की ती माझं मनगट घट्ट धरायची. लेकीने गोल केला तेव्हाही तिने ते सोडलं नाही.