पट्टा कुठं बांधायचा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं गरगरतं. गुन्हा उघडकीस आला, कागद कोर्टात गेले, मी निवृत्तही झालो. पण त्या दोघांचं नक्की काय भलं केलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

तळोज्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळी सातला एका रसायनाच्या कारखान्याच्या फाटकावर गोळी सुटली. तिथे दोघे पहारेकरी होते. एक साताऱ्याकडचा माजी फौजी, स्वतःच्या परवान्याची रायफल घेऊन नोकरीला लागलेला. दुसरा उरणजवळच्या मोरा बंदरातला कोळी, हातात फक्त दंडुका. फौजीच्या रायफलीतली गोळी कोळ्याच्या मांडीतून आरपार गेली. फौजी पळाला नव्हता. मी पोहोचलो तर रायफल भिंतीला टेकवून, हात मागे बांधून उभा.

"अपघात झाला साहेब. खांद्यावर होती, सुटली," एवढंच तो म्हणाला.

मी पंचनामा करायला लावला आणि तिथेच अडलो. रायफल खांद्यावर असली की नळी वर असते. चुकून सुटली तर गोळी आभाळात जायची. ही मात्र कमरेखालून आडवी गेली होती आणि डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं. फाटकावर कॅमेरा होता, पण कारखान्याच्या वाफेने त्याची काच अशी पांढरी झालेली की त्यात माणूस आणि म्हैस सारखेच दिसले असते.

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नाही, पण आवाज कारखान्यातलाच. "साहेब, अपघात-बिपघात काय नाय. कालच दोघांची जाम वाजली. रायफल मधी धरून भांडत होते. मी डोल्यांनी बघितलं."

झालं! भांडण, हत्यार, आडवी गोळी. मी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं आणि फौजीला लॉकअपमध्ये घातलं. शिक्षा झाली असती तर त्याचं उरलेलं आयुष्य तुरुंगातच गेलं असतं.

चौकशीत त्याच्यासमोर चहा ठेवला. त्याने हात लावला नाही.

"काल भांडण कशावरून झालं?"

"असंच."

"असंच रायफल धरून?"

त्याने नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे वळवली.

"अरे बाबा, कलम काय लावलंय ते कळतंय का तुला? आत जाशील!"

"जाईन साहेब."

मी टेबलावर हात आपटला. तीस वर्षांत मी माणसं शिक्षेतून सुटायला खोटं बोलताना पाहिली होती. हा गडी तर स्वतःहून आत जायला निघाला होता. दवाखान्यात फौजदाराला पाठवलं, तर तिथे त्याचा सोबती "मना काय आठवत नाय" यापलीकडे बोलेना. ज्याने गोळी खाल्ली त्याला राग नाही, ज्याने मारली त्याला भीती नाही. मला तर वाटायला लागलं की या भानगडीत वेडा मीच आहे.

आमच्या शस्त्रागाराचा हवालदार म्हणजे एक नंबरचा खडूस माणूस. हत्यारावर बोटाचा ठसा दिसला तरी कॉन्स्टेबलला अर्धा तास ऐकवायचा. मुद्देमालातली रायफल त्याने हातात घेतली आणि नाक मुरडलं.

"साहेब, हा पट्टा फौजीने लावलाय?"

"का रे?"

"उलटा आहे. आतली बाजू बाहेर. फौजी झोपेतही असा लावणार नाही. घाईत लावलाय. आणि हे बघा." त्याने लाकडावर बोट ठेवलं. पट्ट्याची एक कडी नळीकडे असते, दुसरी मागच्या लाकडी दस्त्याच्या टोकाला. पण रायफलीच्या मध्यावर, वीतभर अंतरावर, लाकूड दोन ठिकाणी नुकतंच घासलेलं होतं. "इथं दोरी बांधली होती. इथं पट्टा कोण बांधतं? असा बांधला तर रायफल आडवी लटकेल."

आडवी! मी तडक दवाखान्यात गेलो. जखमीच्या रक्ताळलेल्या कपड्यांचं गाठोडं सिस्टरने काढून दिलं. त्यात निळ्या नायलॉनची दोरी होती, जाळ्याला असते तशी.

"ही कुठली?"

"मांडीला बांधलेली होती. ती आवळली म्हणून वाचला तो. सोबत आलेल्या कामगारांनी सांगितलं, त्या रायफलवाल्यानेच बांधली."

मी दोरी घेऊन त्या कोळ्याच्या खाटेजवळ बसलो. बायको उशाशी होती. मी सरळ सांगितलं, "तुझ्या दोस्ताला खुनाच्या प्रयत्नात आत टाकलंय."

तो उठूनच बसला. टाके होते म्हणून कळवळला. "खुनाच्या? येडे झाले का साहेब? मना वाटला, नुसता लायसनच्या चौकशीसाठी बसवलाय!"

मग बांध फुटल्यासारखा बोलत सुटला. फौजीचा गुडघा कामातून गेलेला. सायकलवरून फेरी मारताना दस्ता नेमका तिथेच आपटायचा. पट्टा आखूड केला की खांदा काचायचा. "मी बोललो, अरे, आमी वल्ही नेतो ती मधी बांधून नेतो. वजनाचे मधी बांधलं की अंगाला लागत नाय. तो बोलतो, फौजेत वीस वर्सं टोकालाच पट्टा लावला, तू मला शिकवू नको. दोगं जाम भांडलो. मग मीच रायफल हिसकून घेतली आनि बांधून दिली. बोललो, एक दिवस घालून तर बघ! दुसरे दिवशी त्यानी घातली. बोलला, बरं वाटतंय रे."

त्याच सकाळी फौजी फाटक उघडायला वळला. आडव्या रायफलीचा चाप फाटकाच्या आकड्यात अडकला. आधल्या आठवड्यात तारचोरांनी दगड मारले होते, म्हणून त्याने नियम मोडून गोळी चढवून ठेवली होती. पुढे त्याचा सोबती उभा होता. फौजीने दोरी रायफलीवरून सोडून सोबत्याच्या मांडीला आवळली, काढून ठेवलेला पट्टा घाईघाईत जागेवर लावला आणि कानात सांगितलं, दोरीचं नाव काढायचं नाही.

"का पण?"

बायकोच मध्ये बोलली. "साहेब, परवान्याची रायफल दुसऱ्याचे हातान दिली ना त्यानी. कललं तर लायसन जाईल, आनि यांची नोकरी पन. तो बोलला, मी निभावतो."

मी जबाब नोंदवला. खुनाच्या प्रयत्नाचं कलम काढलं, निष्काळजीपणाचं लावलं. फौजी जामिनावर सुटला. पुढे त्याचा सोबती कुबडी घेऊन ठाण्यात कागदांवर सही करायला आला, तेव्हा फौजीही जामिनाच्या हजेरीला तिथेच होता. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. कसलं काय!

"कशाला बोललास?" फौजी ओरडला. "सांगितलं होतं ना तुला? आता मी कोण? रायफल नसलेला म्हातारा! मला कोण उभं करणार दारात?"

"तुला आत सडू देऊ काय?" तोही रडत ओरडला. "मीच बांधली ना ती दोरी!"

ठाणे अंमलदार लिहायचा थांबला. मी दोघांवर खेकसलो, कारण दुसरं काही सुचेना.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. फोनवरच्या माणसाने पाहिलं ते खरं होतं, डॉक्टरांनी लिहिलं तेही खरं होतं, आणि त्या दोन खऱ्यांवर मी एका निरपराध माणसाला खुनी ठरवत होतो. तेव्हापासून गप्प बसलेला आरोपी दिसला की मी आधी विचारायचो, हा कोणाला सांभाळतोय?

पण एक काम उरलंच होतं. परवाना रद्द करावा की नाही, याचा अहवाल ठाण्यातून जायचा होता. गोळी चढवून ठेवलेली, हत्यार दुसऱ्याच्या हाती दिलेलं. लिहायचं ते ठरलेलंच होतं. फौजदार म्हणाला, "मी लिहू का साहेब?" मी नको म्हणालो. 'परवाना रद्द होण्यास विनंती आहे' हे वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं, खाली सही केली, आणि तो कागद बराच वेळ शिपायाच्या हातात देईना.