पायरीवरचा कोहळा

गेल्या वर्षी खंडेनवमीला आमच्या घरमालकांच्या नव्या गाडीची दृष्ट आम्ही खाल्ली. साजूक तुपात परतून, वर वेलदोड्याची पूड घालून. चांगली झाली होती.

आता हे घडलं कसं ते सांगते, म्हणजे निदान तुम्ही तरी कुणाच्या पायरीवरचं काही उचलणार नाही.

पुणं सोडून आम्ही बसवनगुडीत आलो त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. नवरा मंदार बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात, मी हेब्बाळच्या एका कंपनीत. म्हणजे गावाची दोन टोकं, आणि घर मध्ये! आठ महिन्यांत मी कन्नडचे तीस शब्द शिकले होते आणि त्या जोरावर स्वतःला इथली समजायला लागले होते. रिक्षावाल्याला 'स्वल्प बेगा', म्हणजे जरा लवकर, म्हणायचं, भाजीवालीला 'सरी सरी' म्हणायचं, आणि पुण्याहून कुणाचा फोन आला की "अगं, इथली पद्धत वेगळी असते," असं सुरू करायचं. मंदार म्हणायचा, "हिला कुणी विचारू नका. हिला सगळं माहीत आहे."

त्यात सप्टेंबरात सासूबाई आल्या. सासरे गेल्यापासून त्या पुण्यात एकट्याच राहायच्या, आणि दोनदा गॅस चालू ठेवून देवळात गेल्या होत्या. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. (सुनेच्या जिवाला सासूचा घोर! माझ्या मैत्रिणींचा अजून विश्वास बसत नाही.) त्यांनी कायमचं आमच्याकडे राहावं म्हणून मी जंग जंग पछाडत होते. पण त्या ढिम्म.

"मला इथे करमत नाही गं गौरी. बोलायचं कुणाशी? परदेशातच राहायचं तर अमेरिकेला नसते का गेले? निदान चार लोकांत सांगता तरी आलं असतं!"

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट त्यांनी देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं होतं.

बोलायला वरच्या मजल्यावर घरमालक होते. मूर्तीकाका निवृत्त बँकवाले, ऐन उमेदीतली पाच वर्षं कोल्हापूरला काढलेले. चारचौघांत शुद्ध इंग्रजी, आणि आमच्याशी थेट रांगडं कोल्हापुरी! "काय वैनी, जेवलाय न्हवं?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा सासूबाई दोन पावलं मागे सरल्या होत्या. त्यांच्या पत्नी कमलाक्का मात्र कन्नडच बोलायच्या, आणि तेही मोजकं. एकदा मी सासूबाईंच्या हातचा बरणीभर मोरावळा वर नेऊन दिला. कमलाक्कांनी बरणी घेतली, मान हलवली, दार लावलं. सासूबाईंनी जिन्याखालून सगळं पाहिलं.

"बघ. तिकीट आहे ते बरंच आहे."

मग नवरात्रात मूर्तीकाकांनी गाडी घेतली. अडुसष्टाव्या वर्षी, आयुष्यातली पहिली! लालभडक! जन्मभर स्कूटर चालवलेला माणूस. गाडी दाराशी आल्यापासून तासातासाला खाली येऊन पुसून जायचा. दाराशी म्हणजे आमच्या दाराशी, कारण तळमजला आमचा आणि पोर्च दोघांत एकच. आमच्या पायरीवर बसून दात घासले तर आरशात दिसावं तसं गाडीत दिसायचं.

खंडेनवमीला इथे आयुधपूजा. त्या दिवशी सकाळी मी गांधी बाजारात फुलं आणायला गेले. तिथे फुटपाथवर कोहळ्यांचे ढीगच्या ढीग! मला वाटलं, काय हे लोक कोहळा खातात! माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही आलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

पावणेदोनला घरी पोचले. पोर्चमध्ये गाडी झेंडूच्या माळा घालून नटलेली, चाकांखाली लिंबं, समोर रांगोळी. आणि आमच्या पायरीवर, बरोबर मधोमध, एक चांगला पाच किलोचा कोहळा! हळदकुंकू लावलेला! वर शेवंतीचं फूल!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. आठ महिन्यांनी या माणसांनी आम्हाला आपलं म्हटलं होतं.

"आई! आई, बाहेर या! मोरावळा दिला होता ना, कोहळा आला!"

सासूबाई आल्या. कोहळ्याभोवती एक चक्कर मारली. "आपल्यालाच दिलाय कशावरून?"

"आपल्या पायरीवर आहे. हळदकुंकू लावलंय. अजून काय चिठ्ठी लिहायची?"

"दार वाजवून द्यावा की."

"इथली पद्धत वेगळी असते, आई," मी म्हणाले.

मंदारला झोपेतून उठवून किसायला बसवला. सासूबाईंनी पदर खोचला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मला पुण्यातल्यासारखा दिसला. अर्ध्याच्या वड्या, अर्धा सांडग्यांसाठी. बियासुद्धा टाकू दिल्या नाहीत. धुतल्या आणि वर्तमानपत्रावर पसरून पायरीवर उन्हात ठेवल्या. जिथे कोहळा होता, बरोबर तिथेच!

पावणेतीनला वड्या थापून झाल्या. आणि सासूबाई म्हणाल्या, "मीच नेते वर. त्यांनी एवढं केलं, आपण तोंड दाखवायला नको?"

ज्या जिन्याकडे महिनाभर त्यांनी पाठ फिरवली होती, तो जिना त्या ताट घेऊन तरातरा चढल्या! मी मागून. कमलाक्कांनी दार उघडलं, ताट पाहिलं, एक वडी तोंडात टाकली, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला!

"अय्यो! काशी हलवा!" (म्हणजे इथला कोहळ्याचा हलवा.)

त्यांनी सासूबाईंना हाताला धरून आत नेलं. सोफ्यावर बसवलं. कुंकू लावलं. कॉफी आली. दोघी बोलायला लागल्या, एक कन्नडमध्ये, एक मराठीत, आणि दोघींचं तुपाच्या प्रमाणावर एकमत झालं! काकांनी तीन वड्या खाल्ल्या. "वैनी, कोल्हापूर सोडल्यापास्नं असलं खाल्लं न्हाई बगा!" मी मनातल्या मनात ते तिकीट फाडूनसुद्धा टाकलं.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. काका हात झटकत उठले.

"चला! राहुकाळ संपला. कोहळा फोडून येऊया."

"कसला कोहळा?" मी विचारलं.

"गाडीचा गं! भटजीला उशीर झाला. त्यानं कोहळा गाडीवरनं ओवाळला, दृष्ट काढली, आन फोडणार तवर दीड! राहुकाळ लागला. म्हटलं, ठेव खाली, तीननंतर फोडू. रांगोळी मोडाया नको म्हणून तुमच्या पायरीवर ठेवलाय. बगितला असशील की."

बघितला होता. किसलाही होता.

मी काही बोलेपर्यंत काका जिना उतरलेसुद्धा. आम्ही तिघी मागोमाग. काका पायरीसमोर उभे. कोहळा नाही. कोहळ्याच्या जागी कोहळ्याच्या बिया.

काकांनी बियांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांचा हात स्वतःच्या पोटावर गेला.

"पोरी... त्या वड्या कशाच्या व्हत्या?"

मी बियांकडे बोट दाखवलं.

"तीन खाल्ल्या की गं मी! माझ्याच गाडीची दृष्ट!" ते मटकन पायरीवर बसले, बियांच्या शेजारी. त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की मला स्वतःचीच लाज वाटली. अडुसष्ट वर्षांनी गाडी आली, आणि तिची दृष्ट मी त्यांना वाढली होती!

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "गौरी, तू म्हणालीस त्यांनी दिलाय."

"म्हणजे... पायरीवर होता ना."

"पायरीवर होता म्हणजे दिला? उद्या पायरीवर पोस्टमन बसला तर त्यालाही किसशील?"

मंदार दारात येऊन डोळे चोळत म्हणाला, "अरेच्चा, हा तसला कोहळा होता का? आमच्या कारखान्यात काल मशीनपुढे फोडला की असाच."

"मग बोलला का नाहीस?" मी किंचाळले.

"तू किस म्हणालीस. मी किसला."

सासूबाईंना शरमेनं रडू फुटलं. "मंदार, माझं आजचं तिकीट बघ. या माणसांना मी तोंड दाखवू शकत नाही." आणि त्या आत बॅग भरायला निघाल्या. माझं तर सगळं मुसळ केरात! दोन मिनिटांपूर्वी ज्या बाई कायमच्या राहणार होत्या, त्या आता परवाऐवजी आजच निघाल्या होत्या.

कमलाक्का पुढे झाल्या. त्यांनी सासूबाईंचा दंड धरला, नवऱ्याला कन्नडमध्ये दोन वाक्यं सुनावली आणि जिना चढून गेल्या.

"काय म्हणाल्या?" मी काकांना विचारलं.

"म्हंती, दृष्ट आता गाडीत न्हाई, खाणाऱ्यांच्या पोटात हाय. तवा खाणाऱ्यांची काढायची. ऱ्हावा उभं रांगेत!"

कमलाक्का खाली आल्या त्या मूठभर मीठ, सुक्या मिरच्या आणि शेगडीत निखारे घेऊन. गाडीपुढे आम्ही रांगेत: काका, मंदार, मी. समोरच्या गच्चीवरून माणसं बघायला लागली. कमलाक्कांनी ओवाळायला सुरुवात केली, आणि रडत उभ्या असलेल्या सासूबाईंना राहवलं नाही.

"अहो, मोहऱ्या कुठायत? मोहऱ्यांशिवाय दृष्ट कशी निघेल?"

कमलाक्का काहीतरी तिखट बोलल्या. सासूबाई पदरानं डोळे पुसत आत गेल्या आणि मोहऱ्यांचा डबाच घेऊन आल्या. मग जुंपली! किती वेळा ओवाळायचं, आधी कुणावरून, मिरच्या पाच की सात! दोघी आपापल्या भाषेत तावातावानं भांडत होत्या, आणि दोघींनाही एकमेकींचं सगळं कळत होतं. शेवटी आधी कमलाक्कांनी सासूबाईंची आणि स्वतःची काढली, मग सासूबाईंनी "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची" म्हणत आमची काढली, आणि मीठ-मिरच्या-मोहऱ्या निखाऱ्यावर पडल्या.

आता नियम असा, की मिरचीचा खकाणा उठला नाही तर दृष्ट जबर होती. सगळे श्वास रोखून उभे. काका ढिम्म. मंदार ढिम्म. मी मात्र असा ठसका दिला की गच्चीवरून कुणीतरी पाणी हवं का विचारलं!

"हिला नाहीच लागलेली," सासूबाई म्हणाल्या. "हिला कोण दृष्ट लावणार!"

काका पहिल्यांदा हसले. मंदार कोपऱ्यावरून दुसरा कोहळा घेऊन आला. काकांनी तो गाडीवरून ओवाळला आणि घाईघाईनं माझ्या हातात दिला. "तूच फोड. आन लगेच फोड. तुझ्यापाशी जास्त येळ ठेवाया नको."

मी दोन्ही हातांनी उचलून फाटकापाशी असा आपटला, की शकलं थेट रस्त्यापलीकडे! सासूबाई कळवळल्या. "अगं, अर्धा तरी ठेवायचास!" कमलाक्कांना काय कळलं कोण जाणे, पण त्या सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटल्या.

दसऱ्याच्या दिवशी वरून काशी हलवा आला. (दार वाजवून, हातात.) खालून सांडगे गेले. त्या रात्री देवाच्या फोटोमागचं तिकीट मला दिसलं नाही. मी काही विचारलं नाही. म्हटलं, विचारलं आणि बाईंना आठवण झाली तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पुण्याच्या शेजारणीशी फोनवर बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी. आता म्हणतील, सुनेनं फार आग्रह केला. आता म्हणतील, सून लाखात एक आहे.

"नाही गं, येणं जमायचं नाही आता," सासूबाई म्हणाल्या. "राहावंच लागतंय. सून लोकांच्या पायरीवरचं उचलून आणते आणि मुलगा न विचारता किसतो. यांना परक्या मुलखात एकटं सोडून कसं यायचं?"