शेपूटताई आणि भुरी

स्टुडिओत तिला सगळे शेपूटताई म्हणायचे. आमच्या त्या कार्टून सिनेमातल्या कुत्र्याची शेपूट अथपासून इतिपर्यंत तिनं काढली होती. डोळे, तोंड मोठ्या चित्रकारांकडे गेलं, हिच्या वाट्याला शेपूट आली. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर दीड वर्ष मान मोडून तिनं ती अशी काढली, की कुत्रा पाठमोरा असला तरी त्याच्या मनात काय चाललंय ते पोरांना कळायचं. मी शेजारच्या टेबलावर घरं आणि झाडं रंगवायचो, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो.

पुढे हातानं चित्रं काढायचे दिवस सरले. ती शाळेच्या पुस्तकांसाठी बेडकाचं हृदय, फुलाचा छेद असलं काढू लागली. घरी ती आणि आई, दोघीच.

बावीस वर्षांनी तोच सिनेमा पुन्हा करायचं ठरलं, या वेळी खरा कुत्रा घेऊन. ते काम मिळालं नेमकं तिच्या धाकट्या बहिणीच्या कुत्रीला. धाकटी कुत्र्यांना शिकवायचं काम करते.

"ताई, तुझ्या सिनेमात माझी भुरी," धाकटी फोनवर म्हणाली. तिचा आनंद पोटात मावत नव्हता.

"अरे वा," म्हणून हिनं फोन ठेवला आणि बेडकाच्या हृदयाला एक कप्पा जास्तीचा काढला.

"धाकटीनं नाव काढलं हो," आई दिवसभर म्हणत राहिली.

"आणि मी काय काढलं?"

"तू शेपूट काढलीस की," आई सरळ मनानं म्हणाली. ते हिला फार लागलं.

शूटिंग घराजवळच होतं, म्हणून धाकटी भुरीला घेऊन दोन महिने राहायलाच आली. इमारतीतली माणसं भुरीबरोबर फोटो काढायला येऊ लागली. दार उघडायला शेपूटताईच जायची. "आत आहे हो कलाकार," असं म्हणून बाजूला व्हायची. रात्री जेवताना धाकटी सेटवरच्या गमती सांगायची आणि हिचा घास तोंडातच फिरायचा.

भुरीला मात्र हिच्याच टेबलाखालची जागा आवडली. काम करता करता ही पेन्सिल दोनदा टेबलाच्या पायावर वाजवायची आणि बिस्किटाचा तुकडा खाली टाकायची. आठवड्याभरात नुसती पेन्सिल वाजली तरी भुरी मान वळवून शेपूट हलवू लागली. "हलवायला काय लागतं? मी एकेका हेलकाव्याला बारा कागद काढायचे," ती मला म्हणाली होती.

एक दिवस धाकटीनं तिला आग्रह करून सेटवर नेलं. प्रसंग असा होता, की घरातली माणसं कायमची निघून गेलीत आणि कुत्रा बंद दारासमोर बसून राहिलाय. भुरीनं पाठमोरं, अजिबात न हलता बसायचं होतं. शेपूटताई कॅमेऱ्यामागच्या खुर्चीत बसली. हातात पेन्सिल होतीच. सगळं चिडीचूप झाल्यावर सवयीनं पेन्सिल खुर्चीच्या दांड्यावर दोनदा वाजली. भुरीनं वळून पाहिलं आणि झक्क शेपूट हलवली. सगळे हसले.

दुसऱ्यांदा हिनं मुद्दाम वाजवली. तिसऱ्यांदाही.

आता कुणी हसलं नाही. "उद्या दुसरा कुत्रा बघू या," दिग्दर्शक धाकटीला म्हणाला. धाकटी मान खाली घालून भुरीचा पट्टा लावत राहिली.

परतताना गाडीत शेपूटताईला राहवलं नाही. "मी पेन्सिल वाजवत होते," ती म्हणाली.

"पहिल्या वेळीच ऐकलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत? तुला?" धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "भुरीनं काय घोडं मारलं होतं तुझं, ताई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठायच्या आत ती सेटवर पोचली आणि दिग्दर्शकासमोर उभी राहून तिनं सगळं सांगितलं. आपण कोण, जुन्या सिनेमात काय काढलं, तेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. जुन्या कामाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. "मग आज तुम्ही बाहेर बसा," एवढंच म्हणाला. ती बाहेर चहाच्या टपरीवर बसली. भुरीनं दुसऱ्याच प्रयत्नात तो प्रसंग पार पाडला.

सिनेमा लागला तेव्हा ती मला बरोबर घेऊन गेली. दाराच्या त्या प्रसंगात भुरी बसलेली होती आणि अगदी शेवटी, कुणी न सांगता, तिच्या शेपटीचं फक्त टोक जरासं उचललं आणि पुन्हा जमिनीला टेकलं. शेपूटताईनं माझा हात घट्ट धरला.

"मला नव्हतं सुचलं हे," ती म्हणाली. "दीड वर्षात एकदाही नाही." तिच्या आवाजात कौतुक होतं, पण खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त जळफळाट होता.

आता धाकटी भुरीला घेऊन दुसऱ्या गावी, दुसऱ्या सिनेमाच्या कामाला गेली आहे. बहिणी-बहिणींचं रविवारी फोनवर बोलणं होतं. शेपूटताई आधी आईच्या औषधांचं सांगते, आणि मग विचारते, "ती काय करतेय? जेवली का नीट?"