खाप्री नावाचा कोडवर्ड

डिसेंबर एकाहत्तर. पश्चिम सीमेवर कालव्याच्या बांधामागे आमची प्लाटून. मी लान्स नाईक, पाठीवर वायरलेस सेट. ही गोष्ट मी माझ्या गावी, पेडण्यात कुणाला धड सांगितलेली नाही. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात, मी तोफांचं, बंकरचं सांगतो, टाळ्या पडतात. मग घरी येऊन ओसरीवर येरझाऱ्या घालतो. बायको म्हणते, बसा हो एका जागी. बसवत नाही.

तर शिपाई जुझे सिद्दी. कर्नाटकातल्या हल्याळच्या रानातला. त्याचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. तो मात्र कोंकणी माझ्यापेक्षा गोड बोलायचा. अख्ख्या कंपनीत ती भाषा येणारे आम्ही दोघंच. आणि पहिल्याच दिवशी मेसच्या लाइनीत त्याला बघून मी काय बोललो? "आयलो रे खाप्री."

पोर्तुगिजांच्या वेळी तेरेखोल नदीच्या तरीवर आफ्रिकी सैनिकांचा पहारा असे. गावात त्यांना खाप्री म्हणत. मी जेवलो नाही की आई म्हणायची, "खाप्र्याक दितलंय हां तुका." गोवा मुक्त झाला, ते बोटीत बसून गेले, शब्द माझ्या जिभेवर राहिला. कंपनीनं तो उचलला. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, पण चिडवायचा सूर कळायला अर्थ कशाला लागतो? हवालदारसाहेबसुद्धा रोलकॉलला "खाप्री" पुकारायचे. जुझे म्हणायचा, "हाजिर, साब." त्याच्या मगातून कुणी पाणी प्यायचं नाही. काळोखात पहाऱ्यावर निघाला की कुणीतरी म्हणणारच, "दात दाखव, म्हणजे दिसशील." मीही हसायचो. खोटं कशाला बोलू.

एकदा बूट पुसता पुसता तो म्हणाला, "पेडणेकार, हांकां अर्थ खबर ना. तुका आसा."

मी म्हटलं, "सोड रे, मस्करी ती."

तो परत बूट पुसायला लागला.

त्या दिवशी दुपारी दोनला शेलिंग सुरू झालं. दोन-दहाला जुझे पडला. मांडीत स्प्लिंटर, रक्त थांबेना. मी पट्टी आवळली आणि सेटवर बोललो, "खाप्री हिट. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

पलीकडचा ऑपरेटर नवा, दुसऱ्या युनिटमधून आदल्याच दिवशी आलेला.

"से अगेन. ओव्हर."

"खाप्री हिट. खाप्री. ओव्हर."

"वेट."

त्याला तो कोडवर्ड वाटला. बिचारा यादी चाळत बसला. मी इकडे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. मधेच आवाज तुटत होता, शेल पडत होते, मी परत परत तेच ओरडत होतो. शेवटी तो म्हणाला, "खाप्री कोडलिस्ट में नहीं है. ओव्हर."

जुझेनं माझी बाही धरली. अगदी हळू म्हणाला, "म्हजें नांव सांग रे."

मग मी सांगितलं. नंबर, शिपाई जुझे सिद्दी. लगेच "रॉजर" आलं. तेव्हा दोन-बावीस झाले होते. स्ट्रेचर दोन-चाळीसला पोचलं. जुझे दोन-पस्तीसला गेला.

डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलं होतं. बारा मिनिटांचं मी त्यांना विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

पुढं रजा मिळाली तेव्हा त्याची पेटी घेऊन मी हल्याळला गेलो. त्याच्या आईनं मला अंगणात बसवलं, चहा दिला.

"तूंच तो पेडणेकार?"

"व्हय."

"तो पत्रांत बरयतालो. हांगा एकलो आमचे भाशेन उलयता, म्हाका भाव म्हणटा."

चहा हातातच राहिला. तीन वर्षांत मी त्याला एकदाही भाऊ म्हटलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"व्हय," मी म्हटलं. "भावच म्हणटालों."

ती गेली, त्यालाही आता खूप वर्षं झाली. यंदा परत शाळेत बोलावलंय. या वेळी तोफांचं सांगणार नाही. शिपाई जुझे सिद्दी, हे नाव आधी घेणार. मग त्याला मी काय म्हणायचो, ते सांगणार.