कारवीचा डोंगर आणि आमचे ठराव

“आधी नोटीस लावा, मग डोंगर चढा!” काशीमीऱ्याच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवरून असे ओरडले की हायवेवरचे ट्रक जागीच थांबले असावेत. समोरचा डोंगर जांभळा झाला होता. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी फुलली होती, आणि तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले होते, “अरे, पुढच्या खेपेला मी असेन का?” त्यांना वर न्यायचं म्हणून मुंबईहून नव्याने आलेले आम्ही शूरवीर तीन रविवार मीटिंगा करत बसलो. वाट कुठून जाते, त्या फुलांना वास असतो का, मधमाश्या चावतात का, वडे न्यायचे की इडल्या, यावर हिमालयाच्या मोहिमेलाही लागत नसतील एवढे ठराव झाले. चौथ्या रविवारी खांद्यावर दोरखंड टाकून, निघण्याआधी वाट हेरायला गच्चीवर गेलो, तर फुलं सुकून डोंगर तपकिरी! अजूनही कुणी कारवीचा मध पुढे केला की मला गच्चीवरून उतरणारा तो जिना आठवतो. आम्ही अकरा जण माना खाली घालून आजोबांची माफी मागायला उतरत होतो. ते पेपर वाचत होते. “मी जाऊन आलो की,” पान उलटत ते म्हणाले, “पंधरा दिवस झाले. भाजीवालीबरोबर गेलो. ती रोज तिथूनच येते.”