नारोजीअण्णांच्या अर्जातला दुसरा परिच्छेद

मयताचे नाव : नारोजीराव, लेथ यंत्रावरचे कारागीर, राहणार राजाजीनगर, बेंगळूर. मृत्यू : गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, राहत्या घरी, हृदयविकाराने. साक्षीदार : पत्नी तुळजाक्का. निवेदक : मयताचा स्नेही, तालुका कचेरीसमोर बसून जन्मभर लोकांचे अर्ज लिहीत आलेला मी.

अण्णांच्या कारखान्याचे मालक आयुधपूजेला दरवर्षी भाषण करीत. गेल्या खेपेस, यंत्रांना हार घालून झाल्यावर, त्यांनी एका पक्षाची स्तुती केली आणि अनुमोदनार्थ सर्वांस हात वर करण्यास सांगितले. अण्णांनी केला नाही. शेजारचा कारागीर कुजबुजला, "अण्णा, स्वल्प वर करा की! खांदा धरलाय का?" अण्णा म्हणाले, "कॉफी कुणाला हवी विचारू दे, दोन्ही हात वर करतो." आसपास हशा पिकला... पुढच्याच आठवड्यात लेथवरून उठवून त्यांना फाटकावर नोंदवही सांभाळायला बसवले.

ते माझ्याकडे आले. "मालकांचं मत मालकांचं. त्यांनी कुणालाही निवडून आणावं, मला काय त्याचं! माझ्या लेथवर मला परत बसवा, एवढंच लिहा." मला ते अपुरे वाटले. अर्जास वजन लागते, हे मी अनुभवाने जाणतो. म्हणून पहिल्या परिच्छेदात त्यांचे ते एक वाक्य घालून दुसऱ्यात मी मालकांच्या राजकीय विचारांचा सविस्तर समाचार घेतला. वाचून दाखवल्यावर अण्णा हसले, "हे तर मालकांच्या भाषणापेक्षा लांब झालं." तरीही माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी सही केली.

मालकांचे दोन पानी उत्तर आले. ते सर्वस्वी दुसऱ्या परिच्छेदास होते. लेथविषयी त्यात अवाक्षर नव्हते. अण्णांनी कागदाची घडी घातली. "सरी, ठीक आहे. तुमची दोघांची चर्चा छान झाली." तुळजाक्का सांगतात, अखेरपर्यंत ते फाटकावरच बसले, आतल्या लेथचा आवाज बदलला की तिथूनच ओरडत, "टूल बोथट झालंय रे, बदला!"

सबब, मालकसाहेबांस कळवितो की, दुसरा परिच्छेद सर्वथा माझा होता. तो मी या लेखाद्वारे मागे घेत आहे. आता अर्जात एकच वाक्य शिल्लक राहते, ते अण्णांचे. त्याचे उत्तर, होय अथवा नाही, तुळजाक्कांच्या नावे लेखी द्यावे, ही विनंती.